रूट, व्हील आणि अवतार : संगणकावरील सर्वाधिकाराची हॅकरी बोली

फर्मागुडीपासून झुआरीनगरपर्यंत गोव्यातल्या कोणत्याही महाविद्यालयात संगणक शिकणाऱ्या मुलामुलींचा घोळका जमला, की ‘मशीन रूट केले’, ‘सुडू लावून बघ’, ‘शेल मिळाली, पण प्रिव्हएस्क काही होत नाही’ अशी वाक्ये हमखास कानावर पडतात. ऐकणाऱ्या पालकांना त्यांचा अर्थ लागत नाही आणि ‘हॅकर’ हा शब्द वर्तमानपत्रातून परिचित असल्यामुळे मुले काहीतरी बेकायदा करीत आहेत, असा संशय मात्र येतो. वस्तुतः या बोलीतले बहुतेक शब्द एकाच प्रश्नाभोवती फिरतात. अनेकांनी मिळून वापरायच्या यंत्रावर सर्वाधिकार कोणाकडे असावा, त्याने तो कसा वापरावा आणि नको त्याच्या हाती तो कसा जातो, हा तो प्रश्न होय. प्रत्येक शब्दामागे एखादे जुने यंत्र, एखादी प्रयोगशाळा किंवा एखादे भांडण आहे. ते समजून घेतले, तर आपल्या घरातल्या आणि कचेरीतल्या संगणकाकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते.

‘हॅकर’ म्हणजे मुळात यंत्राच्या अंतरंगात रमणारा, ते आपल्या कौशल्याने हवे तसे वळवणारा माणूस. चोरी करणाऱ्यासाठी त्या मंडळींनी ‘क्रॅकर’ हा वेगळा शब्द रूढ करून पाहिला, पण तो लोकांत फारसा रुजला नाही. या लेखात हॅकर हा शब्द पहिल्या अर्थाने वापरला आहे.

आता ‘रूट’ म्हणजे नेमके काय ते पाहू. युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून घडत गेली. आज जगातील बहुसंख्य सर्व्हरवर चालणारी लिनक्स, ॲपलची मॅकओएस आणि लिनक्सच्याच गाभ्यावर उभी असलेली अँड्रॉइड या साऱ्या तिच्याच वंशातल्या किंवा वळणाच्या प्रणाली आहेत. अशा प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो. लिनक्सच्या एखाद्या यंत्रावर वापरकर्त्यांची यादी असलेली फाइल उघडली, तर तिच्यात प्रत्येक खात्यासाठी एक ओळ दिसते आणि त्या ओळीत विसर्गासारख्या दोन टिंबांनी विभागलेले सात रकाने असतात. खात्याचे नाव, पासवर्डच्या जागी केवळ एक खूण, वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक, थोडी माहिती, त्या खात्याची घरची डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, आणि प्रवेश केल्यावर सुरू होऊन आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम, म्हणजे शेल, असा त्यांचा क्रम असतो. सर्वसाधारण माणसाच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात बहुधा १००० किंवा त्याच्या पुढचा आकडा असतो. पहिल्याच ओळीत मात्र ‘रूट’ हे नाव असते आणि त्याच्या तिसऱ्या रकान्यात ० असते.

सगळी शक्ती त्या शून्यात आहे. एखादी फाइल वाचण्याची, लिहिण्याची किंवा चालवण्याची विनंती आली, की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ती फाइल कोणाची आहे, विनंती करणारा तिच्या गटात आहे का आणि त्याला कोणती परवानगी आहे, हे तपासतो. विनंती करणाऱ्याचा क्रमांक शून्य असेल, तर यातील जवळजवळ सगळी तपासणी वगळली जाते. म्हणून रूट म्हणजे फार मोठी परवानगी मिळालेला वापरकर्ता असे म्हणण्यापेक्षा, ज्याला परवानगी विचारलीच जात नाही असा वापरकर्ता म्हणणे अधिक अचूक ठरेल. हा भेद महत्त्वाचा आहे. सामान्य वापरकर्त्याची चूक यंत्र बऱ्याचदा अडवते, कारण ‘तुला परवानगी नाही’ असे सांगण्याची संधी त्याला मिळते. रूटची चूक अडवायला कोणी उरलेले नसते. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, सामान्य वापरकर्त्यासमोर डॉलरचे चिन्ह लुकलुकत असते, तर रूटसमोर त्या जागी आडव्या-उभ्या रेघांचे हॅश चिन्ह येते. सर्वाधिकार हाती आल्याची एवढीच काय ती दृश्य खूण असते.

या निःशब्द आज्ञाधारकपणाची किंमत किती असू शकते, याचे एक उदाहरण संगणक व्यवस्थापकांच्या पिढीला पाठ झालेले आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री प्रोग्रामरांचे काम साठवून ठेवणाऱ्या गिटलॅब या संस्थेतील एक अभियंता माहितीसाठ्याच्या दोन सर्व्हरमधील बिघडलेला ताळमेळ दुरुस्त करीत होता. दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसायची म्हणून त्याने आज्ञा दिली, पण त्याच्यासमोरची खिडकी मुख्य सर्व्हरची होती. चूक लक्षात येताच त्याने आज्ञा थांबवली. तोपर्यंत सुमारे ३०० जीबी माहितीपैकी साडेचार जीबी उरली होती. नेहमीच्या सुरक्षाप्रती (बॅकअप) तपासल्या, तर त्या नीट निघतच नव्हत्या असे आढळले, आणि अखेर सुमारे सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवरून सेवा पुन्हा उभी करावी लागली. संस्थेने हा सारा प्रकार न लपवता तपशीलवार जाहीर केला, याबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे. अभियंता प्रामाणिक आणि जाणकार होता, त्याचा अधिकारही रास्त होता. सर्वाधिकाराचा धोका फक्त चोरांपासून असतो, या समजुतीला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

नावाकडे वळू. युनिक्समध्ये सर्व डिरेक्टऱ्या एका झाडासारख्या रचलेल्या असतात आणि त्या झाडाच्या मुळाला ‘रूट’ म्हणतात. आरंभीच्या काळात या सर्वाधिकारी खात्याचे घरही त्या मुळाशीच असे, आणि खात्याचे नाव त्यावरून पडले असे मानले जाते. औपचारिक लेखनात त्याला ‘सुपरयूजर’ म्हणतात. नाव मात्र केवळ पाटी आहे. शून्य क्रमांक असला की नाव काहीही चालते. बीएसडी या युनिक्सच्या बर्कली विद्यापीठात वाढलेल्या घराण्यातल्या प्रणालींत ‘रूट’ची अक्षरे उलटी करून ‘टूर’ नावाचे दुसरे शून्य क्रमांकाचे खाते ठेवलेले असे, म्हणजे मूळ खात्याची शेल न बदलता व्यवस्थापकाला आपल्या आवडीची शेल वापरता येई. त्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीच्या यंत्राकडून रोजचा अहवाल येतो, तेव्हा पाठवणाऱ्याचे नाव ‘चार्ली रूट’ असे दिसते, कारण सर्वाधिकारी खात्याचे पूर्ण नाव तिथे तसेच नोंदवलेले आहे. आपल्याला विशेष वाटावे असे नाव ‘अवतार’ हे आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका हॅकरला ‘रूट’ आणि ‘सुपरयूजर’ ही नावे फार नीरस वाटली. आपण केवढी जबाबदारी पत्करीत आहोत याची जाणीव त्या आसनावर बसणाऱ्याला ‘अवतार’ या नावाने अधिक होईल, या विचाराने त्याने ते खात्याला दिले आणि बऱ्याच यंत्रांवर ते पसरले. खेळांतल्या आणि समाजमाध्यमांवरच्या छोट्या चित्राला आपण आज अवतार म्हणतो, त्याहून हा अर्थ निराळा आहे. मूळ संकल्पनेतले कर्तव्याचे भान त्यात शिल्लक आहे, आणि म्हणून मला तो अधिक योग्य वाटतो.

युनिक्सच्या बाहेर वाढलेल्या हॅकरांचा शब्द होता ‘व्हील’. अमेरिकी बोलीत वजनदार माणसाला ‘मोठे चाक’ म्हणत, त्यावरून तो आला. पीडीपी-१० या मोठ्या यंत्रावर चालणाऱ्या टेनेक्स आणि पुढे टॉप्स-२० या प्रणालींमध्ये ज्या वापरकर्त्याच्या नावावर ‘व्हील’चा बिट, म्हणजे अधिकाराची खूण, लावलेला असे, त्याला सगळे निर्बंध माफ होते. विद्यार्थ्यांच्या हाती हा बिट लागला की काय होई, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ‘व्हील वॉर्स’ या शब्दात नोंदले गेले आहे. नवखे हॅकर एकमेकांना यंत्राबाहेर काढत, एकमेकांच्या फाइली पुसत, आणि त्या लढाईचा भुर्दंड मुकाट्याने आपले काम करीत बसलेल्या इतर वापरकर्त्यांना पडे. पुढे ही मंडळी युनिक्सकडे आली, तेव्हा शब्दही त्यांच्यासोबत आला. बीएसडीमध्ये ‘व्हील’ नावाचा गट झाला आणि पासवर्ड ठाऊक असला तरी या गटाबाहेरच्या माणसाला रूट होता येणार नाही, असा नियम ठरला. आजही रेड हॅट आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांत सर्वाधिकार द्यायच्या माणसाला ‘व्हील’ गटातच घालतात, आणि घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना या चाकाचा इतिहास ठाऊक नसतो.

‘व्हील’ गटाच्या या नियमाला तत्त्वाचा विरोधही झाला, आणि तो समजून घेतल्याशिवाय हॅकरांची मनोवृत्ती कळणार नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत आयटीएस नावाची प्रणाली होती. तिच्यात पासवर्ड नव्हते आणि कोणालाही कोणतीही फाइल पाहता येई. नवख्यांनी यंत्र बंद पाडण्याच्या युक्त्या शोधण्यात वेळ घालवू नये म्हणून यंत्र बंद पाडण्याची एक साधी आज्ञाच तिथे उघडपणे दिलेली होती. पराक्रमाला वावच न राहिल्याने ती वापरण्याचा मोह कमी होई. अशा वातावरणात घडलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आपल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या ‘सू’ या, रूट होण्यासाठी वापरायच्या आज्ञेत ‘व्हील’ गटाचा नियम घातला नाही, आणि त्याचे कारण तिच्या माहितीपुस्तिकेतच लिहून ठेवले. १९८४ मध्ये त्या प्रयोगशाळेतल्या काही जणांनी ट्वेनेक्स (म्हणजे टॉप्स-२०) यंत्राचा ऑपरेटर पासवर्ड बदलून तो इतरांपासून लपवला आणि सत्ता आपल्या हाती घेण्याचा प्रयत्न केला. स्टॉलमन यांनी कर्नलमध्ये बदल करून तो हाणून पाडला. एखाद्या भल्या माणसाला रूटचा पासवर्ड कळला, तर तो त्याने इतरांना सांगता यावा आणि त्यांनाही तो वापरता यावा, असा त्यांचा आग्रह होता. परस्परांना ओळखणाऱ्या मूठभर संशोधकांच्या यंत्रापुरता हा आग्रह मला उदात्त वाटतो. मात्र ज्या यंत्रावर इस्पितळातल्या रुग्णांच्या नोंदी किंवा सहकारी पतसंस्थेतल्या ठेवीदारांची खाती आहेत, तिथे ते रुग्ण आणि ठेवीदार त्या घोळक्यात नसतात आणि त्यांना कोणी विचारलेलेही नसते. म्हणून तिथे स्टॉलमन यांच्या बाजूने उभे राहणे मला शक्य नाही.

वर आलेली ‘सू’ ही जुनी आज्ञा. तिने रूट व्हायचे, तर रूटचाच पासवर्ड द्यावा लागतो, आणि म्हणून पाच जणांना काम करायचे असेल तर तो पासवर्ड पाचही जणांना ठाऊक असावा लागतो. मग एखादी फाइल कोणी पुसली, याचे उत्तर ‘रूटने’ एवढेच मिळते. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफलो येथील संगणक विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडू’ लिहून ही अडचण सोडवली. सुडूमध्ये प्रत्येकाने स्वतःचाच पासवर्ड द्यायचा असतो. ‘सुडोअर्स’ नावाच्या फाइलमध्ये कोणाला कोणती आज्ञा सर्वाधिकाराने चालवता येईल हे लिहिलेले असते, आणि कोणी केव्हा काय चालवले याची नोंद राहते. दिलेला अधिकार त्या एका आज्ञेपुरता असतो, ती संपली की माणूस पुन्हा सामान्य वापरकर्ता होतो; फक्त सोयीसाठी काही मिनिटे पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. २००४ च्या ऑक्टोबरात उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून तिथे रूट खाते मुळातच कुलूपबंद ठेवलेले असते आणि सगळा कारभार सुडूवर चालतो.

सुडू प्रथमच वापरणाऱ्याला पडद्यावर एक छोटेसे व्याख्यान वाचावे लागते. त्याचे सार तीन वाक्यांत आहे : इतरांच्या खासगीपणाचा मान राखा, टाइप करण्यापूर्वी विचार करा, आणि मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. ज्याचे नाव यादीत नाही अशा माणसाने सुडू वापरून पाहिले, तर या घटनेची नोंद कळवली जाईल अशी तंबीही अनेकदा मिळते. हॅकरांच्या गप्पांत ती तंबी गमतीने उद्धृत होत असली, तरी शाळेच्या किंवा कचेरीच्या यंत्रावर ती खरी असते.

सुडोअर्स फाइल लिहिणे हे वाटते त्यापेक्षा अवघड काम आहे. ती थेट संपादित करू नये, ‘व्हीसुडू’ या आज्ञेनेच करावी असे सांगतात, कारण त्या फाइलमध्ये व्याकरणाची चूक राहिली तर जुन्या आवृत्त्यांत सुडू कोणालाच आत घेत नसे आणि दुरुस्त करायलाही सुडूच लागे; व्हीसुडू जतन करण्याआधी ती चूक पकडते. पण अर्थाची चूक तिला पकडता येत नाही. समजा, डिचोलीच्या एखाद्या उच्च माध्यमिक विद्यालयातल्या संगणक कक्षाच्या साहाय्यकाला प्रिंटरची सेटिंगची फाइल बदलता यावी, एवढाच हेतू आहे. व्यवस्थापक त्याला ‘व्हीआय’ हा संपादक, म्हणजे मजकूर बदलण्याचा प्रोग्राम, त्या एका फाइलपुरता सर्वाधिकाराने चालवण्याची मुभा देतो. व्यवस्थापकाच्या मते त्याने एक लहानशी खिडकी उघडली आहे. पण व्हीआयमध्ये काम करता करता दोन टिंबे, उद्गारचिन्ह आणि शेलचे नाव टाइप केले, की संपादकाच्या पोटातून नवी शेल सुरू होते. संपादक रूट म्हणून चालत असल्यामुळे ती शेलही रूटचीच असते, आणि पडद्यावर हॅश चिन्ह उभे राहते. याला ‘शेल एस्केप’ म्हणतात. मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या ‘लेस’सारख्या साध्या आज्ञेतही हे करता येते. सुरक्षेच्या स्पर्धांमध्ये मुले ‘प्रिव्हएस्क’ शोधतात, म्हणजे प्रिव्हिलेज एस्कलेशन, कमी अधिकारावरून अधिक अधिकारावर चढण्याची वाट, ती पुष्कळदा अशीच कोणीतरी सद्हेतूने उघडी ठेवलेली असते.

यावर उपाय म्हणून ‘सुडूएडिट’ आहे. ती फाइलची तात्पुरती प्रत काढते, संपादक सामान्य वापरकर्ता म्हणूनच चालवते आणि बदललेली प्रत शेवटी मूळ जागी ठेवते. पण पहारेकऱ्याच्याही हातून चूक होते. २६ जानेवारी २०२१ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी नेमक्या याच वाटेवरचा एक दोष जाहीर केला आणि सुडूएडिटच्या नावाशी खेळत, हैतीच्या वूडू परंपरेतील एका देवतेवरून त्याला ‘बॅरन सॅमेडिट’ असे नाव दिले. विशिष्ट प्रकारे दिलेल्या तिरक्या रेघेच्या चिन्हामुळे सुडू आपल्या वाट्याच्या स्मृतीबाहेर लिहीत असे, आणि सुडोअर्समध्ये नाव नसलेल्या कोणत्याही स्थानिक वापरकर्त्याला त्याचा फायदा घेऊन रूट होता येत असे. हा दोष जुलै २०११ मध्ये शिरला होता, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

रूट अशा रीतीने हस्तगत झाले, की हॅकर ‘बॉक्स रूट केला’ म्हणतात. बॉक्स म्हणजे यंत्र. ‘पोन केला’ हा त्याचाच समानार्थी प्रयोग ‘ओन’ या इंग्रजी क्रियापदातल्या ओ ऐवजी शेजारचे पी दाबले गेल्यामुळे झाला असे मानतात. एकदा आत शिरल्यावर आपल्या खुणा लपवून ठेवणाऱ्या साधनसंचाला ‘रूटकिट’ म्हणतात, आणि तो खरोखर भयंकर प्रकार आहे, कारण यंत्रात काय चालले आहे हे सांगणारी साधनेच तो खोटे बोलायला लावतो. पण दरवेळी इतके कौशल्य लागतेच असे नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मॅकओएसच्या हाय सिएरा आवृत्तीत वापरकर्त्याच्या नावाच्या जागी ‘रूट’ लिहून, पासवर्डची जागा रिकामी ठेवून, बटण पुन्हा पुन्हा दाबले की सर्वाधिकार मिळतो, असे उघडकीस आले. ॲपलने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती पाठवली.

फोन ‘रूट करणे’ हा शब्द मुलांच्या तोंडी सर्वांत अधिक असतो. अँड्रॉइड फोनच्या मालकाला मुळात त्या फोनवर रूट होता येत नाही. ते मिळवणे म्हणजे रूटिंग, आणि आयफोनवर त्याच जातीच्या उद्योगाला ‘जेलब्रेक’ म्हणतात. आपण विकत घेतलेल्या वस्तूवर आपला पूर्ण अधिकार असावा, ही त्यामागची भावना मला पूर्ण मान्य आहे. पण अधिकारासोबत कंपनीने उचललेली कामेही मालकाच्या अंगावर येतात. आयफोनच्या रूट खात्याचा पासवर्ड ‘अल्पाइन’ हा सगळीकडे सारखाच होता. ज्यांनी जेलब्रेक करून दूरवरून प्रवेश देणारी सेवा बसवली आणि तो पासवर्ड बदलला नाही, त्यांच्या फोनमध्ये नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आयकी’ नावाचा कृमी, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, ऑस्ट्रेलियात शिरला आणि त्याने पडद्यावर गायक रिक ॲस्टली यांचे छायाचित्र लावून ठेवले. तेवढ्यावर निभावले हे नशीब म्हणायचे. आज बँकांची अनेक ॲप्स रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात. आणि फोन स्वतःचा असेपर्यंतच हा मामला वैयक्तिक असतो. दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीविना, अप्रामाणिकपणे किंवा कपटाने शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकणारा गुन्हा आहे, हे मुलांना आधीच सांगितले पाहिजे.

विंडोजवर रूटऐवजी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असतो आणि बोलीत त्याला नुसते ‘ॲडमिन’ म्हणतात. मला खरी चिंता इथली वाटते. म्हापशाच्या बाजारातली बिलांची यंत्रे, पणजीतल्या हिशेबनिसांच्या कचेऱ्या, लहान हॉटेलांचे स्वागतकक्ष अशा ठिकाणी पुष्कळदा एकच खाते असते, ते ॲडमिनचे असते, आणि मालकापासून नव्याने लागलेल्या मुलीपर्यंत सगळे त्याच खात्यावर काम करतात. २००७ च्या व्हिस्टापासून विंडोज मोठा बदल करण्यापूर्वी पडदा काळवंडून संमती विचारते. पण ॲडमिनच्या खात्यावर तिथे फक्त ‘होय’ दाबायचे असते, आणि दिवसभरात इतक्यांदा दाबल्यावर ते कोणी वाचत नाही. पत्रासोबत आलेली एखादी बनावट पावती उघडली, तर तिच्यातल्या दुष्ट प्रोग्रामलाही तोच ‘होय’ मिळतो.

देवस्थानाच्या कारभारात अध्यक्ष, मुखत्यार आणि खजिनदार वेगळे असतात. पूजेला बसणाऱ्या भटजींकडे तिजोरीची किल्ली नसते आणि त्यात त्यांच्यावर अविश्वास आहे असे कोणताही महाजन मानत नाही. जेरोम सॉल्त्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकासाठी हेच सूत्र मांडले : प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक माणसाला हातातल्या कामापुरताच, कमीत कमी अधिकार असावा. याला ‘लीस्ट प्रिव्हिलेज’ म्हणतात. मालक असलो तरी हा नियम आपल्यालाही लागू आहे, कारण आपण रोजच्या कामासाठी बसतो तेव्हा आपल्यालाही सर्वाधिकार लागत नाही.

कचेरीत हे घडवून आणायला खर्च येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन वेगळ्या नावाने नवे ॲडमिन खाते उघडावे, त्याला वेगळा पासवर्ड द्यावा, तो कागदावर लिहून पाकिटात बंद करून मालकाच्या कपाटात ठेवावा, आणि त्यानंतर रोजच्या वापरातले खाते ‘स्टँडर्ड’ करावे. क्रम उलटा करू नये. आरंभी नवीन प्रिंटर बसवताना किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत करताना ते पाकीट उघडावे लागेल आणि कामगारांची थोडी कुरकुर होईल. हिशेबाचे एखादे जुने सॉफ्टवेअर ॲडमिनशिवाय सुरूच होत नाही अशी तक्रार आली, तर लगेच सगळे पूर्ववत करू नये. बहुधा ते सॉफ्टवेअर आपल्याच फोल्डरमध्ये काहीतरी लिहू पाहत असते आणि तेवढीच परवानगी नसल्याने अडलेले असते. त्या फोल्डरवर उजवे बटण दाबून, सुरक्षेच्या रकान्यात स्टँडर्ड खात्याला लिहिण्याची परवानगी दिली, की ते बहुतेक वेळा चालू लागते.